राष्ट्रपतींचे आणीबाणीचे अधिकार: मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला रविवारी आमचा संविधान वाचनाचा वर्ग भरतो. घटनेचा अठरावा भाग, म्हणजे कलम ३५२ ते ३६०, वाचायला घेतला की तास वेळेत उरकत नाही. सत्तरीतली मंडळी १९७५ चं सांगू लागतात, कॉलेजातली मुलं २०१९ च्या नोव्हेंबरातली ती पहाट काढतात, आणि कोणी ना कोणी कोविडच्या लॉकडाऊनलाच आणीबाणी समजत असतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने आणीबाणी लावू शकतात का?

नाही. सही राष्ट्रपतींची, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्घोषणा काढायची नाही, असं कलम ३५२ मध्ये आज स्पष्ट लिहिलेलं आहे. मंत्रिमंडळ म्हणजे पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री. एकट्या पंतप्रधानांचं पत्र चालत नाही.

ही अट का आली ते समजून घ्यायला हवं. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं. विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला हवा होता, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली मी त्यातून सूट घेते आहे, असा त्या पत्राचा आशय. राष्ट्रपतींनी त्याच रात्री सही केली. उद्घोषणा एका वाक्याची होती: अंतर्गत अशांततेमुळे भारताच्या सुरक्षिततेला धोका आहे. कसली अशांतता, कुठे, काय घडलं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मंत्र्यांना हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत, तोवर धरपकड सुरू झालेली होती.

नियम १२ लक्षात ठेवा. पुढे महाराष्ट्राच्या प्रकरणात तो पुन्हा येतो.

मग राष्ट्रपतींच्या हाती काहीच नाही?

थोडं आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मान्य करावा लागतो. हा अधिकार नुसता कागदावर नाही. के. आर. नारायणन यांनी तो दोनदा वापरला: १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठवली. पहिल्या वेळी गुजराल सरकार होतं, दुसऱ्या वेळी वाजपेयी सरकार. दोन्ही सरकारांनी तेव्हा माघार घेतली.

१९७५ मध्ये परत पाठवण्याची ही तरतूद घटनेत नव्हती, हे खरं. पण मंत्रिमंडळाची बैठक घेऊन सकाळी या, एवढं म्हणण्यापासून राष्ट्रपतींना कोणतंही कलम अडवत नव्हतं. त्या रात्रीचा दोष निव्वळ घटनेतल्या त्रुटीवर टाकता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आणीबाणीचे प्रकार किती?

तीन. कलम ३५२ ची राष्ट्रीय आणीबाणी, कलम ३५६ ची राष्ट्रपती राजवट, कलम ३६० ची आर्थिक आणीबाणी. पहिली आतापर्यंत तीनदा लागली, दुसरी देशभरात मिळून शंभराहून अधिक वेळा, तिसरी एकदाही नाही.

राष्ट्रीय आणीबाणी तीनदा म्हणजे कधी कधी?

२६ ऑक्टोबर १९६२ ला चीनच्या आक्रमणाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तान युद्धाच्या वेळी आणि २५ जून १९७५ ला.

तारखा पाठ करण्यापेक्षा त्या कधी संपल्या ते पाहा. चीनने २१ नोव्हेंबर १९६२ ला युद्ध थांबवलं, पण आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. १९७१ चं युद्ध तेरा-चौदा दिवसांत संपलं, त्याची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालूच होती. म्हणजे १९७५ मध्ये देशात एक आणीबाणी आधीच लागू असताना तिच्यावर दुसरी चढवली गेली. संकट सरतं, अधिकार मात्र कोणी आपण होऊन सोडत नाही. म्हणूनच आता दर सहा महिन्यांनी संसदेची नव्याने मंजुरी लागते, नाही तर उद्घोषणा आपोआप संपते.

कोणत्या कारणासाठी लावता येते?

युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड. मूळ घटनेत तिसरं कारण ‘अंतर्गत अशांतता’ असं होतं. त्यात संप, मोर्चा, रेल रोको, काहीही बसवता येत होतं. जनता सरकारच्या काळात, १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते बदललं. धोका अगदी उंबरठ्यावर आला असेल तर प्रत्यक्ष हल्ल्याआधीही उद्घोषणा काढता येते, आणि ती देशाच्या एखाद्या भागापुरतीही असू शकते.

संसद ती रोखू शकते का?

हो. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमताने: एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. पूर्वी साध्या बहुमतावर भागायचं आणि मुदत दोन महिन्यांची होती. शिवाय लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी, म्हणजे ५४३ च्या सभागृहात ५५ जणांनी, नोटीस दिली तर चौदा दिवसांत खास बैठक बोलवावीच लागते. तिथे साध्या बहुमताने आणीबाणी उठवता येते.

विरोधकांच्या हातातलं हे सगळ्यात मोलाचं हत्यार आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पण नोटिशीवर सही करायला खासदार बाहेर असावे लागतात. १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात होते.

आणीबाणीत मुख्यमंत्री आणि विधानसभा जातात का?

राष्ट्रीय आणीबाणीत जात नाहीत. १९७५ ते ७७ या काळात महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होतेच. फरक एवढाच, की केंद्र राज्य सरकारला कोणत्याही बाबतीत आदेश देऊ शकतं, राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांच्या अखत्यारीतल्या, विषयांवर संसद कायदे करू शकते आणि राज्याच्या वाट्याला येणाऱ्या महसुलातही राष्ट्रपती बदल करू शकतात.

निवडणुका पुढे ढकलता येतात?

लोकसभेची मुदत संसद कायद्याने एका वेळी एक वर्ष वाढवू शकते. आणीबाणी उठल्यावर मात्र सहा महिन्यांच्या पुढे ओढता येत नाही. १९७६ मध्ये अशी वाढ दोनदा झाली.

मूलभूत हक्कांचं काय होतं?

भाषण, सभा, संघटना, संचार असे कलम १९ चे हक्क युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत बाजूला ठेवले जातात. सशस्त्र बंडाच्या आणीबाणीत ते आपोआप जात नाहीत. इतर हक्कांसाठी कोर्टात जाण्याची मुभा राष्ट्रपती वेगळ्या आदेशाने स्थगित करू शकतात. पण कलम २० आणि २१ ला आता हात लावता येत नाही. २१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क.

हे दोन आकडे घटनेत का लिहावे लागले, ती कहाणी प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, डांबलेल्यांनी ठिकठिकाणी दाद मागितली आणि नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे का, हे आम्ही तपासणार. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हाच तो जबलपूर खटला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही का? तुमचा युक्तिवाद मान्य केला तर नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकट्या खन्नांनी विरोधी निकालपत्र लिहिलं, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेले बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो जबलपूर निकाल रद्दबातल ठरवण्यात आला, आणि तसं लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

त्या काळात मुंबईत कोणी विरोध केला की नाही?

केला, आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही.

इंदिरा गांधींचा सर्वोच्च न्यायालयातला निवडणुकीचा खटला मुंबईचे नानी पालखीवाला लढवत होते. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी वकीलपत्र परत केलं. त्याच आठवड्यात टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींच्या रकान्यात एक निधनवार्ता आली: डी. ई. एम. ओक्रसी २६ जूनला वारले. डेमॉक्रसी, लोकशाही. सेन्सॉरच्या नजरेतून ती सुटली.

ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईतल्या वकिलांना नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर बंद सभागृहात बैठक घ्यायची होती. माजी मुख्य न्यायमूर्ती चागला तिथे बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. माजी न्यायमूर्ती नथवानी उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पाठोपाठ मिनू मसानींचं प्रकरण आलं. मसानी एकेकाळी मुंबईचे महापौर होते, ‘फ्रीडम फर्स्ट’ हे मासिक चालवत. सेन्सॉरने त्यातला मजकूर अडवला, तेव्हा ते न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की आणीबाणीतही सरकारवर सभ्य टीका करायला बंदी नाही आणि सगळ्या वर्तमानपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. देश गप्प असताना फोर्टातल्या त्या इमारतीत हे लिहिलं गेलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि दुर्गाबाई. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात त्या अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. केंद्रातला मंत्री समोर बसलेला असताना दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभागृहाला उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. पुढे त्यांना अटक झाली ती एशियाटिकच्या ग्रंथालयात, वाचत बसलेल्या असताना. पाण्यासाठीच्या आंदोलनांमुळे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृणाल गोरेही भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. १९७७ ला त्या मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, इंदिराबाई रायबरेलीत पडल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घराघरात पोचली.

राष्ट्रपती राजवट म्हणजेच आणीबाणी ना?

नाही. राष्ट्रपती राजवटीत राज्याचं सरकार जातं, तुमचे हक्क जात नाहीत. कलम ३५६ खाली राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालवणं शक्य नाही असं राष्ट्रपतींना पटलं, की सरकारचे अधिकार केंद्राकडे आणि विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे जातात. उच्च न्यायालयाला मात्र धक्का लावता येत नाही. दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते, मग सहा-सहा महिन्यांनी वाढ, कमाल तीन वर्षं. एक वर्षानंतरची वाढ सहज मिळत नाही: राष्ट्रीय आणीबाणी चालू असावी लागते आणि निवडणूक घेणं कठीण आहे असं निवडणूक आयोगाने सांगावं लागतं.

या कलमाचा वापर कधी करावा लागू नये, ते मृतवत राहावं, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत व्यक्त केली होती. घडलं उलटंच. घटनेतलं हे सगळ्यात जास्त गैरवापर झालेलं कलम असावं.

महाराष्ट्रात ती कितीदा लागली?

तीनदा. १७ फेब्रुवारी १९८० ला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या आणि एकाच दिवशी नऊ राज्यांतल्या विधानसभा गेल्या. २८ सप्टेंबर २०१४ ला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी तुटून पृथ्वीराज चव्हाणांनी राजीनामा दिल्यावर, निवडणूक तोंडावर असताना. आणि १२ नोव्हेंबर २०१९ ला, निकाल लागून तीन आठवडे होत आले तरी कोणाचंच सरकार बनत नव्हतं तेव्हा.

२३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे नेमकं काय झालं?

त्या पहाटे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली. आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. मुंबई उठून चहा घेत टीव्ही लावते, तोवर सरकार आलेलं होतं.

राजवट उठवायलाही केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते. ती रात्रीत कशी झाली? बैठक झालीच नाही. नियम १२ वापरला, ज्यात पंतप्रधान स्वतःच्या अधिकारात निर्णय घेतात आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली जाते. १९७५ च्या पत्रातला तोच नियम. ४४व्या दुरुस्तीने तो मार्ग कलम ३५२ पुरता बंद केला. कलम ३५६ ला मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाची अट नाही, म्हणून तिथे तो अजून उघडा आहे. १९७५ ला देशाचे हक्क गेले होते, २०१९ ला एका राज्यातली राजवट उठली. दोन्हींचं वजन सारखं नाही, हे मान्यच. पण अपरात्री, बैठकीशिवाय राष्ट्रपतींची सही घेण्याची सोय ज्या नियमात आहे, तो बदलायला हवा. सत्तेत कोण आहे यावर हे मत अवलंबून नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला आदेश दिला की दुसऱ्या दिवशी विधानसभेत बहुमत सिद्ध करा. फडणवीसांनी त्याच दुपारी राजीनामा दिला.

राजवटीत लोकांची कामं कोण करतं?

राज्यपाल, मुख्य सचिव आणि नेहमीची यंत्रणा. २०१९ मध्ये अवकाळी पावसाने शेतं गेली होती. तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० आणि बागायती बारमाही पिकांसाठी १८,००० रुपये मदत, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केली. ती पुरेशी नाही अशी ओरड झाली. पण मंत्र्याच्या दालनात घोंगडी घेऊन बसावं, तर मंत्रीच नाही. राजवटीतली खरी अडचण हीच असते: फाइल पुढे सरकते, जाब कोणाला विचारायचा ते कळत नाही.

न्यायालयात आव्हान देता येतं का?

देता येतं. कर्नाटकचे बरखास्त मुख्यमंत्री बोम्मई यांच्या खटल्यात, ११ मार्च १९९४ च्या निकालात, नऊ न्यायमूर्तींनी तीन गोष्टी पक्क्या केल्या. बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं. संसदेने मंजुरी देईपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही. आणि राष्ट्रपतींपुढे कोणता आधार ठेवला होता ते न्यायालय तपासू शकतं. आधार खोटा निघाला तर बरखास्त सरकार परत बसवू शकतं. त्यानंतर या कलमाचा वापर बराच घटला.

मुंबई महापालिकेवर प्रशासक होता, ती राष्ट्रपती राजवट होती का?

अजिबात नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता, तो राज्याच्या कायद्याखाली. राष्ट्रपतींचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आणि कोविडचा लॉकडाऊन?

तीही घटनात्मक आणीबाणी नव्हती. केंद्राने २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला, राज्याने १८९७ चा साथरोग कायदा. हा दुसरा कायदा जन्मला मुंबईतच. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले, शहर ओस पडू लागलं आणि ब्रिटिश सरकारने घाईघाईने तो मंजूर करून घेतला. घरात शिरून झडती, माणसं उचलून छावणीत नेणं, सगळं त्याच्या आधारे झालं. पुण्यात याच जाचातून प्लेग अधिकारी रँडचा वध झाला.

नेहमीची जमावबंदी आणि संचारबंदीही वेगळी. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली निघायची, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघते. असे आदेश पोलीस आयुक्त काढतात, त्यासाठी दिल्लीची सही लागत नाही. लॉकडाऊनने शिकवलं ते हेच, की आणीबाणी न लावताही सरकारला माणसं घरात बसवता येतात, आणि या साध्या कायद्यांना महिन्याभरात संसदेत मंजुरी घेण्याचं बंधन नाही. माझी काळजी आज कलम ३५२ पेक्षा इथे जास्त आहे.

२६/११ ला आणीबाणी का लावली नाही?

गरज नव्हती. पोलीस, नौदलाचे मार्कोस कमांडो आणि एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल) यांना लढण्यासाठी नागरिकांचे हक्क स्थगित करावे लागत नाहीत. कारगिलच्या वेळीही लावली नव्हती. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये संसदेने एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला आणि यूएपीए हा बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा कडक केला.

आर्थिक आणीबाणी लागली तर बँकेतल्या ठेवी जप्त होतात?

कलम ३६० मध्ये तसं काही नाही. सरकारी नोकरांचे, अगदी न्यायाधीशांचेही पगार कापता येतात, राज्यांना काटकसरीचे आदेश देता येतात, त्यांची धनविधेयकं राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायला लावता येतात. १९९१ ला सोनं गहाण टाकायची वेळ आली तेव्हाही हे कलम वापरलं नाही. २०१६ ची नोटबंदी रिझर्व्ह बँकेच्या कायद्याखाली झाली.

१९७५ पुन्हा होऊ शकतं का?

त्याच वाटेने जवळपास अशक्य. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याची मुदत, विशेष बहुमत, कलम २१ ची हमी, न्यायालयाची तपासणी, एवढं सगळं आड येतं. पण यातली पहिली तीन बंधनं सत्ताधारी पक्षाच्याच माणसांच्या हातात आहेत. प्रचंड बहुमताच्या सरकारला ती जड जाणार नाहीत. आणि घटना बदलताही येते: १९८८ मध्ये ५९व्या दुरुस्तीने पंजाबपुरती ‘अंतर्गत अशांतता’ परत आली होती आणि तिथे कलम २१ ही स्थगित करण्याची सोय केली होती. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि ती काढून टाकली गेली. ४४व्या दुरुस्तीचं संरक्षण कायमचं आहे असं समजून कोणी निर्धास्त राहू नये.

आणीबाणीत घरच्या माणसाला उचलून नेलं तर काय करायचं?

उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करायची. ती नातेवाईक किंवा मित्रही करू शकतो. कलम २१ स्थगित होत नसल्याने आज सरकारला ‘आणीबाणी आहे, विचारू नका’ असं उत्तर देता येणार नाही. स्थानबद्धतेचा आदेश असेल, म्हणजे रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) किंवा एमपीडीए (महाराष्ट्राचा स्थानबद्धतेचा कायदा) खाली, तर त्याची कारणं लेखी मागून घ्या, ती कळणाऱ्या भाषेत आहेत का ते पाहा, आणि लगेच लेखी निवेदन द्या. ते निवेदन सरकारने वेळेत विचारात घेतलं नाही, एवढ्या एका कारणावरही असे आदेश रद्द झालेले आहेत. निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.